फॉरमॅट अण्णा

पाटण तालुक्यात नवा माणूस भेटला की तीन प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठलं, खोरं कुठलं आणि मुंबईला कोण असतं. कोयना, केरा, मोरणा, तारळी आणि वांग या नद्यांनी तालुक्याला इतक्या घड्या पाडल्या आहेत की खोरं कळल्याशिवाय माणूस कळत नाही. मुंबईचं तर विचारायलाच नको. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. मुंबईत पाठीवर ओझी वाहून इकडं घर बांधलेली माणसं इथं गावोगाव सापडतात. हे तीन प्रश्न झाले की इतर लोक चहा सांगतात. आमचे अण्णा चौथा प्रश्न विचारतात, "तुमच्या हापिसात शून्य कसं दाखवतात?"

समोरचा गोंधळतो. शून्य शून्यासारखंच दाखवतात, दुसरं कसं दाखवणार? एवढं ऐकलं की अण्णांचे डोळे लकाकतात आणि समोरच्यानं आपली एसटी चुकली असं समजावं.

अण्णा मोरणा खोऱ्यातल्या एका विकास सेवा सोसायटीचे सेक्रेटरी. वय पन्नाशीपुढं, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि त्या पेनांनी कित्येक वर्षांत सहीपलीकडं काही लिहिलेलं नाही. सगळा कारभार एक्सेलमध्ये. म्हणून एक्सेल सगळं येतं असंही नाही. मॅक्रोशी त्यांचा संबंध नाही, पिव्होट टेबलचं नाव काढलं की ते विषय बदलतात. त्यांची सगळी विद्या एका खिडकीत आहे. कंट्रोल दाबून एक दाबला की ती उघडते, आणि तिच्यातल्या यादीत सगळ्यात खाली 'कस्टम' असं लिहिलेलं असतं. तुम्ही-आम्ही तिथवर कधी उतरत नाही. अण्णांचा मुक्कामच तिथं.

तिथं आकड्याचं दिसणं ठरतं. सेलमध्ये १४०० आहे. तो १,४०० दिसेल, १,४००/- दिसेल, तांबडा दिसेल, देवनागरीत दिसेल किंवा मुळीच दिसणार नाही. आत मात्र १४०० ते १४००च. अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे. "गुरव रोज नवी पूजा बांधतो," ते सांगतात. "आज बैठी, उद्या उभी, परवा घोड्यावर. आत देव तोच. आपण गुरव. देवाला हात लावायचा नाही."

या पंथाची दीक्षा त्यांना सातबाऱ्यानं दिली. सोसायटीत संगणक आला तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं पहिल्याच सेलमध्ये ७/१२ असं टाईप केलं आणि एंटर मारलं. यंत्रानं ७ डिसेंबर लिहिलं. पुसून पुन्हा टाईप केलं, पुन्हा ७ डिसेंबर. चिडून त्यांनी सेल साध्या आकड्यावर आणला, तर तिथं पाच आकडी भलतीच संख्या. २०२४ सालच्या ७ डिसेंबराला आज कुणी असं उघडं पाडलं तर ४५६३३ निघतो, कारण १ जानेवारी १९०० ला एक धरून यंत्र तिथून दिवस मोजत आलेलं आहे. ज्या कागदापायी महाराष्ट्रात सख्ख्या भावांची डोकी फुटतात, त्याची या यंत्राला तारीख वाटली, हा धक्का अण्णांना बरेच दिवस पुरला.

पुढं हिश्श्यांची तीच गत. गट १२ चा पहिला हिस्सा, १२/१, झाला १२ जानेवारी. गट ३५ चा दुसरा हिस्सा मात्र तसाच राहिला, कारण ३५ तारीख कुठल्याच महिन्याला नसते. म्हणजे एकाच गावाची काही जमीन कॅलेंडरवर आणि काही जमिनीवर. यावर उपाय एकच. टाईप करण्याआधी त्या रकान्याला सांगून ठेवायचं की बाबा रे, हा मजकूर आहे, डोकं चालवू नकोस. नंतर सांगून उपयोग नाही. एकदा तारीख झालेल्या जमिनीचा परत हिस्सा होत नाही. अण्णा हे नवीन मुलांना इतक्या कळवळून सांगतात की त्यांची स्वतःची जमीन जानेवारीत अडकली असावी असं वाटतं.

मग आलं क्षेत्र. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते, मध्ये दोन टिंबं. ०.४०.५० म्हणजे चाळीस आर पन्नास चौरस मीटर. आमच्याकडच्या बोलण्यात साधारण चाळीस गुंठे, म्हणजे एकर. आता एका आकड्यात दोन टिंबं यंत्राला पटत नाहीत. ते त्याला मजकूर समजतं आणि बेरजेला घेत नाही. पीककर्ज तर क्षेत्रावर मिळतं, तेव्हा बेरीज हवीच. अण्णांनी नुसते चौरस मीटर टाईप केले, ४०५०. आणि फॉरमॅटच्या चौकटीत लिहिलं: शून्य, तिरकी रेघ, टिंब, दोन शून्यं, तिरकी रेघ, टिंब, दोन शून्यं. एंटर मारताच ०.४०.५० हजर. ती उलटी तिरकी रेघ यंत्राला बजावते, की पुढचं टिंब खरं धरू नकोस, फक्त काढून दाखव. अण्णा त्याला 'चित्रातलं टिंब' म्हणतात. त्या दिवशी त्यांनी सगळ्या संचालकांना चहा पाजला. तो का पाजला हे संचालकांना आजतागायत कळलेलं नाही.

चित्रातलं टिंब सापडल्यावर अण्णा लाखाच्या मागं लागले. यंत्राला मुळात हजाराची सवय. शेवटी एक स्वल्पविराम दिला की तीन शून्यं गळतात, दोन दिले की सहा, तीन दिले की नऊ. कोयनेच्या धरणाला हे अगदी सोयीचं. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, नऊ शून्यं. धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की १०५.२५ टीएमसी. सेलमध्ये घनफूट भरा, १०५२५००००००० असे, आणि फॉरमॅटला तीन स्वल्पविराम द्या, १०५.२५ आपोआप. पुढं अवतरणचिन्हांत टीएमसी. पावसाळ्यात रोज सकाळी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस आणि धरणाचा साठा अण्णांच्या तक्त्यातून व्हॉट्सॲपवर जातो. धरण शंभरीपुढं गेलं की तोच आकडा तांबडा होतो आणि नदीकाठच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात.

पण लाखाला पाच शून्यं. तीन-तीन शून्यं गिळणाऱ्या स्वल्पविरामाला पाच जमत नाहीत. टीएमसी जमतो आणि लाख जमत नाही, म्हणजे धरण मोजता येतं आणि सोसायटी मोजता येत नाही, या विचारानं अण्णांची झोप उडाली. अखेर सातबाऱ्याचंच टिंब मदतीला आलं. एका स्वल्पविरामानं तीन शून्यं गाळायची आणि उरलेल्या आकड्यात शेवटच्या दोन घरांआधी चित्रातलं टिंब काढायचं. २५००००० मधून उरले २५००, मध्ये टिंब, २५.००, पुढं 'लाख'. तीन आणि दोन पाच. "बघा," अण्णा म्हणाले, "इंग्रजाच्या स्वल्पविरामाला तलाठ्याचं टिंब लावलं, तवा लाख झाला."

लाखाकोटीचे स्वल्पविराम जागच्या जागी पाडायचा त्यांचा दुसरा मंत्र तर तालुक्यात प्रसिद्ध आहे. मोठ्या कंसात कोटीची अट, मग हॅश हॅश, तिरकी रेघ, स्वल्पविराम, हॅश हॅश, तिरकी रेघ, स्वल्पविराम, असं करत ते डोळे मिटून शेवटच्या शून्यापर्यंत येतात. एकदा हिंजवडीत नोकरी करणारा गावचा पोरगा यात्रेला आला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "अण्णा, एवढं कशाला? विंडोजमध्ये रिजन इंडिया करा, साधा स्वल्पविराम आपोआप लाखात पडतो." सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी चष्मा पुसला. "तुझं रिजन तुझ्या मशिनीत राहतंय," ते म्हणाले. "फाईल परगावी जाते. तिथलं रिजन कुणाचं, तुला ठाऊक हाय? माझा स्वल्पविराम फाईलीसंगं जातो." पोरगा गप्प झाला. अण्णांचं म्हणणं बरोबरच होतं.

त्या मंत्रात एक खोट आहे, आणि ती अण्णा स्वतःच दाखवतात. फॉरमॅटमध्ये अटी दोनच घालता येतात. कोटीला एक, लाखाला एक, संपल्या. उरलेलं सगळं तिसऱ्या खोलीत, आणि उणे आकडाही त्याच खोलीत. त्यामुळं पंचवीस लाख नफा झाला तर २५,००,००० दिसतात, आणि पंचवीस लाख तोटा झाला तर -२,५००,०००. "नफा मराठीत, तोटा इंग्रजीत," अण्णा म्हणतात. एका संचालकांनी तो तोटा 'दोन हजार पाचशे आणि वर काहीतरी' असा वाचला आणि सुटकेचा श्वास टाकला. तेव्हापासून अण्णा तोट्याच्या रांगेला वेगळा फॉरमॅट देतात. सोसायटीत कुणी गैरसमजानं सुखी राहिलेलं त्यांना चालत नाही.

अण्णांच्या मते जगात माणसं चार प्रकारची. हे त्यांना फॉरमॅटनंच शिकवलं. चौकटीत तीन अर्धविराम देऊन चार विभाग पाडता येतात: पहिला अधिक आकड्याचा, दुसरा उण्याचा, तिसरा शून्याचा, चौथा मजकुराचा. गावच्या यात्रेच्या वर्गणीची यादी त्यांच्याकडं आली तेव्हा त्यांनी ही चातुर्वर्ण्यव्यवस्था तिथं लागू केली. पैसे दिले, तो पहिल्यात. साधा काळा आकडा. मंडपवाल्यासारखा आधी उचल घेऊन बसला, तो दुसऱ्यात. तांबडा, पुढं 'उचल'. काहीच दिलं नाही, तो तिसऱ्यात. आणि तिथं शून्याऐवजी 'शब्द दिला आहे' असं उमटतं. चौथा विभाग रकमेच्या जागी शब्द देणाऱ्यांचा. कुणी 'बघू' लिहून पाठवलं, कुणी 'ऊस गेल्यावर', की यंत्र त्याच्याआधी आपणहून 'तोंडी:' असं लावतं. गावच्या मुंबईतल्या मंडळानं ती यादी छापून वाशीत लावली. तोंडी: बघू. तोंडी: भाऊला विचारून. चौथ्या वर्णातल्या तिघांनी त्याच आठवड्यात पैसे भरून पहिल्या वर्णात प्रवेश घेतला.

त्याआधीच्या वर्षी ही यादी मंडळातल्या एका उत्साही तरुणानं केली होती. त्यानं प्रत्येक रक्कम ५०१/-, १००१/- अशी व्यवस्थित टाईप केली, शेवटी रेघसुद्धा मारली, आणि खाली बेरीज टाकली. बेरीज आली शून्य. एवढ्या लोकांनी वर्गणी दिली आणि एकूण शून्य! फोनाफोनी झाली, खजिनदाराकडं लोक वेगळ्या नजरेनं पाहू लागले. अण्णांनी फाईल उघडून क्षणात दोष दाखवला. आकड्याला /- हातानं चिकटवला की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि मजकुराची बेरीज होत नाही. तोच /- अवतरणचिन्हांत घालून फॉरमॅटमध्ये ठेवला तर डोळ्याला दिसतो आणि बेरजेच्या आड येत नाही. खजिनदारांची अब्रू वाचली. त्यांनी अण्णांना सत्काराचा नारळ दिला, तो घेताना अण्णा तरुणाला म्हणाले, "पोरा, दागिना अंगावर घालावा, अंगात खुपसू नये."

रंगाच्या बाबतीत मात्र अण्णांची एकदा कसोटी लागली. फॉरमॅटमध्ये नावानिशी आठ रंग चालतात. अण्णांनी थकबाकीला तांबडा दिला आणि यादी रंगीत छापून फळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी दारात.

"अण्णा, परवा पाव्हणं येत्यात. पोरीला बघाय. तुमचा बोर्ड वाटंवरच हाय."

"मग थकबाकी भर."

"भरतो की, उसाचं बिल आलं की. तवर तांबडं तेवढं काढा."

अण्णा पेचात पडले. आकड्याला हात लावायचा नाही हे ठरलेलं. पण रंग म्हणजे पूजा, आणि पूजा गुरवाच्या हातातली. त्यांनी एक अट वाढवली: पन्नास हजारांच्या आतली थकबाकी निळी. त्या शेतकऱ्याची आत बसत होती. पाहुणे आले, फळ्यापाशी थांबले, निळा आकडा बघून पुढं गेले, सोयरीक जमली. ही बातमी खोऱ्यात पसरायला संध्याकाळ पुरली. मग ज्याच्या घरात लग्नाची मुलगी नाही तोही येऊन "मला बी निळ्यात घ्या" म्हणू लागला. अट पन्नास हजारांवरून लाखावर गेली. वर्षअखेरीला बँकेचे तपासनीस आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "सेक्रेटरी, ही निळी यादी कसली?"

"सोयरिकीची, साहेब," अण्णा म्हणाले.

तारखांवर अण्णांचं वेगळं प्रेम. आमच्या तालुक्यात जुनी माणसं जन्मतारीख सांगत नाहीत, भूकंप सांगतात. 'भूकंपात मी तिसरीत व्हतो', 'भूकंपाच्या आदी दोन पावसाळं'. पेन्शनचा किंवा विम्याचा अर्ज भरताना बाकीचे कारकून कपाळाला हात लावतात. अण्णा शांतपणे २४८१७ टाईप करतात. भूकंपाच्या दिवसाचा, ११ डिसेंबर १९६७ चा, हा अनुक्रमांक. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांचा धक्का हवा असेल तर पुढं .१८१२५, कारण वेळ म्हणजे यंत्राच्या लेखी दिवसाचा अपूर्णांक. त्यातून वर्षं वजा केली की जन्मसाल निघतं. त्याच सेलला मराठी वाराचा फॉरमॅट दिला की 'सोमवार' उमटतो. एका म्हातारीला अण्णांनी तो कौतुकानं दाखवला. ती म्हणाली, "वार कुणाला ठावं, बाबा? समदी अंगणात पळालो, एवढं ठावं." अण्णांनी त्या दिवशी दुसरा कुठलाही फॉरमॅट कुणाला दाखवला नाही.

याच तारखांत यंत्राची एक लबाडी त्यांना सापडलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. तरीही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० आहे. लोटस वन-टू-थ्री नावाच्या जुन्या प्रणालीतली ती चूक, आणि तिच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनं तीही दत्तक घेतली. त्या तारखेला जन्मलेला एकही सभासद सोसायटीत नाही, हे अण्णांनी रजिस्टर उघडून पाहून ठेवलं आहे.

अण्णांचा खरा पराभव वार्षिक सभेत झाला. सोसायटीची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या वर्षी अहवाल सुटसुटीत व्हावा म्हणून अण्णांनी सगळ्या रकमा हजारांत दाखवल्या, एका स्वल्पविरामाच्या जोरावर. चहापान १,४०० रुपये, दिसले १. छपाई १,४०० रुपये, दिसले १. एकूण २,८०० रुपये, दिसले ३. अहवाल वाटला गेला. सगळ्यांत मागं बसलेल्या एका आजोबांनी बोट ठेवून वाचलं आणि उभं राहून विचारलं:

"चेअरमनसाहेब, एक नि एक तीन कसं? तिसरा च्या कुणी प्याला?"

सभेत हशा. चेअरमननी अण्णांकडं बघितलं. अण्णा उठले. पूर्णांकात रूपांतर होताना पाचशेच्या खालचं कसं गळतं आणि वरचं कसं चढतं, हे त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं. शेवटी म्हणाले, "आत सगळं बरोबर हाय, आजोबा. भाईर तसं दिसतंय."

"मग आतलंच वाचा की!" आजोबा म्हणाले. या वाक्यावर टाळ्या पडल्या. अण्णांच्या आयुष्यभराच्या तत्त्वज्ञानाला मोरणा खोऱ्यातून आलेलं ते एकमेव उत्तर.

सभेनंतर हिंजवडीच्या पोरानं फोनवर तोड सांगितली. एक्सेलमध्ये एक खूण असते, ती केली की आकडा जेवढा दिसतो तेवढाच आतही होतो. मग एक नि एक दोनच. अण्णांचा आवाज चढला. "म्हंजे आतलं चारशे कायमचं कापायचं? पूजेच्या मापानं देव तासायचा?" त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या वर्षी अहवालात तळाला बारीक अक्षरांत 'पूर्णांकामुळे बेरजेत फरक दिसू शकतो' अशी टीप आली. आजोबा तेव्हापासून अहवालातली फक्त टीप वाचतात.

चेअरमनचं मात्र अण्णांवाचून पान हलत नाही. एकदा त्यांचा रात्री दहाला फोन आला. "अण्णा, घात झाला वं! सोसायटीचं पैसं गेलं. सगळीकडं नुसत्या फुल्या!" चेअरमननी मोबाईलवर फाईल उघडून रकाना अरुंद केला होता. आकड्याला जागा पुरली नाही की यंत्र हॅशची रांग उभी करतं. रकाना रुंद करायला सांगून अण्णांनी पैसे परत आणले. पण त्या फुल्यांवर त्यांचा भारी जीव. मजकुराला जागा कमी पडली तर यंत्र त्याचं शेपूट कापतं. फॉरमॅट दिलेल्या आकड्याचं कधीच कापत नाही. पंचवीस लाखातली शेवटची दोन शून्यं झाकली तर ते पंचवीस हजार दिसतील, आणि दिसलेलं लोक खरं मानतात. "जागा न्हाई तर सांगणार न्हाई," अण्णा म्हणतात, "पर अर्धवट सांगणार न्हाई. असा साक्षीदार कोर्टात मिळंल का?"

घरी अण्णांचं फारसं चालत नाही. घरखर्चाचा तक्ता त्यांनीच केलेला. दूध, गॅस, किराणा, मुलाची फी. वहिनी तो मोबाईलवर बघतात आणि तोंडानं बेरीज करतात. एकदा त्यांची बेरीज आणि तक्त्याची बेरीज जमेना. तक्त्याची दरमहा ठरावीक रकमेनं जास्त.

"अहो, हे एकूण जास्त कसं?"

"यंत्र चुकलं असंल."

"यंत्र कधी चुकत नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत असता."

वहिनींनी एकेक सेल बोटानं दाबत नेला. किराण्याच्या खालचा सेल कोरा दिसत होता. दाबल्याबरोबर वरच्या पट्टीत आकडा उमटला. नुसते तीन अर्धविराम लिहिले, दुसरं काही नाही, की चारही विभाग रिकामे राहतात आणि सेल कोरा दिसतो. बेरजेत मात्र हजर असतो. तो रंगीत प्रिंटरचा हप्ता होता. सोसायटीला काळा-पांढराच मंजूर होता, आणि थकबाकी करडी छापली तर तांबड्याला अर्थ काय, म्हणून अण्णांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला. रक्कम पुसून टाकली असती तर बेरीज जमली असती आणि वहिनींना पत्ताही लागला नसता. पण आकड्याला हात लावायचा नाही! ते तत्त्व घरात नेमकं अण्णांवरच उलटलं. वहिनी आता कोरा सेल दिसला की आधी तिथंच बोट ठेवतात.

२०२२ साली केंद्र सरकारनं देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर एका प्रणालीत आणायचं ठरवलं, खर्च २,५१६ कोटी. बातमी आली त्या दिवशी अण्णांनी तो आकडा आधी रुपयांत लिहून बघितला आणि दोन स्वल्पविराम, एक चित्रातलं टिंब लावून कोटीत आणला. मग प्रणाली सोसायटीत आली आणि ते खचले. तिच्यात सगळे अहवाल ठरलेल्या साच्याचे. शून्याला शून्यच. तांबडं नाही, निळं नाही, 'शब्द दिला आहे' तर नाहीच. काही दिवस ते वेळेवर घरी जाऊ लागले, तेव्हा वहिनींनाच काळजी वाटली. पुढं कुणीतरी दाखवलं, की एक अहवाल एक्सेलमध्ये उतरवता येतो. त्या संध्याकाळी सोसायटीचा दिवा पुन्हा उशिरापर्यंत जळत होता.

लोक अण्णांना हसतात, मीही हसतो. पण सहकारात आकडे सांभाळणारी माणसं पुष्कळ पाहिली, आणि त्यांच्यातल्या काहींचा धंदा नेमका उलटा असतो. ते आतला आकडा बदलतात आणि बाहेरचं रूप अगदी साधं, सरकारी ठेवतात, म्हणजे कुणाला संशय येत नाही. अण्णांनी आकड्याला रंग दिले, टिंबं काढली, /- लावले, कधी झाकलाही. बदलला मात्र एकदाही नाही. सोसायटीची तपासणी दरवर्षी होते आणि अण्णांच्या वह्यांत आजवर एका रुपयाचा फरक निघालेला नाही. असला सेक्रेटरी ज्या सोसायटीला मिळाला तिनं त्याच्या निळ्या-तांबड्याची तक्रार करू नये.

तेव्हा मुंबईकरांना एकच सांगणं. यंदाच्या यात्रेच्या वर्गणीची यादी अण्णांकडंच आहे. रकमेच्या रकान्यात नुसतं ५०१ लिहा. रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम आणि /- ते बघून घेतील. द्यायचे नसतील तर सरळ शून्य टाका. 'बघू' तेवढं लिहू नका. त्याच्यासाठी चौथा विभाग आहे, आणि यादी वाशीत लागते.